मंत्री-संत्री

गेल्या डिसेंबरात माझा भाचा बायको-मुलाला घेऊन नेदरलँड्सहून तीन आठवड्यांसाठी नागपूरला आला होता. मुलगा आठ वर्षांचा. मला तो मावशीआजी म्हणतो, पण इतक्या घाईत की ऐकू येतं ते ‘मावशाजी’. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गच्चीवर उन्हाला बसलो होतो. नागपूरचं डिसेंबरातलं अकराचं ऊन असं, की पाठ शेकत असते आणि सावलीत राहिलेली पावलं गारठलेली असतात. मधे सुपात संत्रे. मी एक उचलला, देठाजवळच्या फुगीर मानेत अंगठ्याचं नख रुतवलं आणि साल पुक् करून सुटली. आमच्या संत्र्याची साल अंगाला घट्ट नसते, थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा तशी ढगळ असते. उन्हात तेलाचा बारीक फवारा उडाला, पोराच्या नाकात गेला, त्याला शिंक आली. फाकेवरच्या पांढऱ्या शिरा काढून ती मी त्याच्या तळहातावर ठेवली आणि सवयीनं विचारलं, ‘‘सांग बरं, याला इंग्रजीत काय म्हणतात?’’

बत्तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतरही कोणाच्याही हातात फळ दिलं की हा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो.

त्यानं फाक तोंडात टाकली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, ‘‘मँडरिन.’’

‘‘ऑरेंज,’’ मी म्हटलं.

‘‘नाही मावशीआजी. ऑरेंज मोठं असतं. त्याची साल अशी निघत नाही, आई सुरीनं कापते. हे मँडरिन आहे.’’

मी हसले. खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, तेही हसले. ‘‘अरे, ऑरेंज सिटीत येऊन तू ऑरेंजलाच नाही म्हणतोस?’’ असं भाचा त्याला म्हणाला. ‘‘काल मेट्रोनं आलो ती लाइन कुठली होती?’’ पोरगा म्हणाला, ‘‘ऑरेंज. पण तो कलर आहे.’’ पुन्हा हशा. रात्री सगळे झोपल्यावर मात्र मला काही केल्या झोप येईना. एखादी शीर दातात अडकावी आणि जीभ पुन्हापुन्हा तिथंच जावी, तसं झालं. कारण पोरगा बरोबर बोलत होता, हे मला ठाऊक होतं. आमच्या फळाचं शास्त्रीय कूळ मँडरिनचंच. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची जी केंद्रीय संशोधन संस्था आहे तिथले लोक ‘नागपूर मँडरिन’च म्हणतात. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावानं, पण बाजारातलं नाव वेगळं आणि झाडाचं कूळ वेगळं. हे सगळं वाचलेलं होतं. तरी बत्तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर केशरी खडूनं मी जो गोल काढला, त्याला देठाजवळ मान असायची. म्हणजे संत्रा असायचा. आणि खाली लिहायची, ओ फॉर ऑरेंज. किती पोरं माझ्या हाताखालून गेली असतील, त्या सगळ्यांना मी चुकीचं फळ शिकवलं की काय?

आता हा आमच्याकडचा ‘तो संत्रा’. पुण्याच्या माझ्या जावेकडे ‘ते संत्रं’. लग्न होऊन नवी नवी तिच्याकडे गेले तेव्हा मी ‘‘संत्रा छान निघाला’’ म्हटलं, तर घरातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. मला काय कळेना. नंतर कळलं, की एक तर माझं लिंग चुकलं, आणि दुसरं म्हणजे विदर्भात नुसतं ‘संत्रा’ म्हटलं की देशी दारूची बाटलीही डोळ्यांपुढे येते, हे त्यांच्यातल्या एकीला माहीत होतं. तिनं बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलेलं! तेव्हापासून फळाच्या नावाबद्दल मी जरा हळवीच आहे.

माझं आजोळ काटोलच्या बाजूला. आजोबांना सगळे आबाजी म्हणायचे. बगीचा साडेतीन एकर, म्हणजे फार मोठा नव्हे. पण मला तो संपतच नाही असं वाटायचं, कारण कुठूनही पाहिलं तरी झाडांमागे झाडं. जानेवारीत आंबिया बहाराची फुलं यायची. त्याआधी आबाजी महिनाभर झाडांना पाणी तोडायचे. ‘ताण देऊन राह्यलो’ म्हणायचे. पानं मलूल व्हायची, कडा आत वळायच्या. आजीला ते पाहवायचं नाही, ती संध्याकाळी चोरून तांब्याभर पाणी विहिरीजवळच्या एका झाडाला घालायची आणि ते एक झाड हमखास कमी फुलायचं. मग आबाजी पाणी सोडत आणि पंधरा-वीस दिवसांत अख्खा बगीचा पांढरा. त्या वासाचं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. मोगऱ्याच्या जवळचा, पण त्याच्या मुळाशी काहीतरी कडू. रात्री अंगणात खाटेवर पडलं की तो वास अंगावर पांघरुणासारखा यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, बहारात पोरींनी केस मोकळे सोडून बगीच्यात जाऊ नये. का, ते कधी सांगायच्या नाहीत.

फळ तोडायला यायचं ते दिवाळीच्या आसपास. व्यापारी बगीचा पाहायला यायचा, झाडांखालून चालत जायचा, वर बघायचा आणि काही न बोलता फक्त मान हलवायचा. आबाजी त्याच्या मागोमाग. त्या फेरीत घरातलं कोणी खोकलायचंसुद्धा नाही, कारण सौदा अख्ख्या बगीच्याचा व्हायचा. मग पेट्या, तणस, खिळे ठोकण्याचे आवाज. आम्हा पोरांना पेटीत न बसणारे चेमटलेले, ठिपकेवाले संत्रे मिळायचे, आणि गोडी त्यांनाच जास्त असायची. संध्याकाळी साली चुलीत पिळायच्या. तेलाचे थेंब जाळाला लागले की चट्‌चट् ठिणग्या. आजी ओरडायची, ‘‘डोळे फुटतीन नं बे!’’ आणि बी गिळली की पोटात झाड उगवतं, ही धमकी. मी सहा वर्षांची असताना एकदा गिळली होती. आठ दिवस कोणाला न सांगता पोटावर हात ठेवून झोपले. मुळं फुटल्यासारखं वाटायचं, खरंच.

तर त्या रात्री उठून मी शब्दकोश काढला. आमच्या घरात रात्री दोनला दिवा लागला की नवरा समजतो, काहीतरी शब्दाचं आहे. तो कूस बदलतो.

ऑरेंजचं मूळ मला ढोबळ माहीत होतं. संस्कृतातला नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांबरोबर ते झाड भूमध्य समुद्राकडे गेलं, शब्दही गेला. स्पॅनिशमध्ये तो अजून ‘नारांखा’ आहे, आपला ‘न’ धरून ठेवलेला. पोर्तुगीजांनी न चा ल केला, लारांजा. इटली-फ्रान्सच्या वाटेवर तो ‘न’ गळूनच पडला. कसा, तर आधीच्या एक या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी न, फळाच्या सुरुवातीला न, बोलताना दोन न एकमेकांत मिसळले आणि एक हरवला. त्यात फ्रेंचमध्ये ‘ओर’ म्हणजे सोनं, तेव्हा त्या सोनेरी फळाला ओरांज म्हणायला कोणाची हरकत असणार? इंग्रजीत पोचेपर्यंत ‘न’ गळालेलाच होता. इंग्रजांनी मात्र हाच खेळ स्वतःच्या घरात खूप खेळलाय. एप्रनला पूर्वी नॅप्रन म्हणत. ‘अ नॅप्रन’चं ‘अ‍ॅन एप्रन’ झालं. अंपायरही मुळात न वाला, नूम्पेर, म्हणजे दोघांच्या जोडीत नसलेला तिसरा. उलट निकनेमचा न फुकटचा, तो ‘अ‍ॅन’मधून घसरून पुढच्या शब्दाला चिकटला. आणि मी काय शिकवत होते? ओ स्वर आहे म्हणून ‘अ‍ॅन ऑरेंज’, पाठ करा, दहा वेळा लिहा. ज्या ‘अ‍ॅन’वर मी मार्क कापले, तसल्याच एका न नं आमच्या नारंगाचा न गिळला होता.

एकदा अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून येणारी एक मल्याळी मुलगी वर्गात उठून म्हणाली होती, ‘‘बाई, आमच्या घरी नारंगा म्हणजे लिंबू.’’ सगळा वर्ग खो खो हसला. मी तिला ‘‘नाही गं, ते नारंगी’’ असं सांगून बसवलं. आज आठवून कसंनुसं होतं. कारण बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते नारंग हा शब्द संस्कृतानं द्रविड भाषांकडून घेतलेला आहे. तमिळमध्ये नारत्तंगाय, तेलुगूत नारिंज, आणि मल्याळममध्ये खरंच नारंगा. ज्या शब्दाच्या जन्मघरातून ती पोर आली होती, त्याच शब्दावर मी तिला दुरुस्त केलं. शिक्षकांचं हे असं असतं.

संस्कृतात नारंगाचं आणखी एक रूप आहे, नागरंग. अमरकोशात ते ऐरावत या नावाशेजारी येतं. नागपूरच्या माणसाला नागरंग दिसल्यावर काय होतं ते सांगायला नको. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर हिवाळ्यात एक गोष्ट फिरते, की पूर्वी एका हत्तीनं इतके संत्रे खाल्ले की त्याचं पोट फुटलं, नाग म्हणजे हत्ती, म्हणून नागरंग, आणि म्हणूनच आपलं नागपूर! खाली पंचवीस नमस्काराचे हात. गोष्ट बनावट आहे हे सांगायला मी एकदा गेले होते, त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. खरं तर हे झाड नागपूरचं नाहीच. रघूजीराजे भोसल्यांनी ते तेव्हाच्या औरंगाबादेहून आणलं असं सांगतात. त्याच्याही मागे गेलं, तर या सगळ्या कुळाचं माहेर पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युन्नानचा पश्चिम भाग, असं 2018 मध्ये जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी मांडलं. हे मी गटावर टाकलेलं नाही.

आता मँडरिन. पानं उलटताना मनात थोडी चीड होती, हे कबूल करते. वाटत होतं, असेल काहीतरी चिनी. आपल्या फळावर चिनी नावाची चिठ्ठी. आणि वाचता वाचता मी एकदम ताठ बसले.

मँडरिन म्हणजे मंत्री.

उपमा म्हणून नव्हे, शब्दशः. संस्कृतातला मंत्रिन्, जो मन् या धातूपासून निघालेल्या मंत्राचा, म्हणजे विचाराचा, सल्ल्याचा धनी. तो शब्द आपल्या व्यापाऱ्यांबरोबर नि पंडितांबरोबर समुद्र ओलांडून मलय देशात गेला, तिथं ‘मन्तरी’ झाला. मलेशियात आजही पंतप्रधानाला ‘पर्दाना मन्तरी’ म्हणतात. 1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं, तिथं त्यांच्या कानावर हा शब्द पडला. त्यांच्या भाषेत ‘मांदार’ म्हणजे हुकूम देणं. त्यांनी दोन्हींची सांगड घातली आणि चीनच्या दरबारी अधिकाऱ्यांना ‘मांदारिम’ म्हणू लागले. चिनी लोकांना स्वतःला हा शब्द माहीतही नव्हता. त्या अधिकाऱ्यांची भाषा ती मँडरिन भाषा. आणि चीनकडून युरोपात गेलेलं हे ढगळ सालीचं फळही मँडरिन. बहुधा त्या अधिकाऱ्यांच्या पिवळ्या-केशरी झग्यांवरून. गंमत अशी, की मलाक्का जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क हा तोच, ज्याच्या नावावरून आपला हापूस झाला म्हणतात. म्हणजे कोकणाच्या आंब्याला त्यानं नाव दिलं आणि आमच्या संत्र्याचं नाव त्याच्या माणसांनी पळवलं, पुढे ते भलत्याच वाटेनं परत आलं. विदर्भावर अन्याय झाल्याची ही यादी आधीच लांब आहे, त्यात हे एक.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत वाकनिसाचा मंत्री झाला, तो फारसी नाव टाकून संस्कृत नाव घेतानाचा. तोच शब्द तेव्हा दुसऱ्या वाटेनं लिस्बनच्या बाजारात फिरत होता. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली माझ्या गच्चीवर, सुपात.

सकाळी भाच्याला हे सांगायला गेले तर तो लॅपटॉपवर होता. ‘‘इंटरेस्टिंग आहे मावशी,’’ म्हणाला. नवरा म्हणाला, ‘‘बरं मग, आज मंत्री आणायचे का किलोभर?’’ मुलगा मात्र ऐकत बसला. त्याच्या अंगात केशरी जर्सी होती, त्यांच्या फुटबॉल संघाची. तिकडे तो रंग म्हणजे राष्ट्राचा, एप्रिलमध्ये राजाच्या वाढदिवसाला अख्खा देश केशरी कपडे घालतो, असं त्यानं मला सांगितलं. पण झेंडा लाल-पांढरा-निळा. मी म्हटलं, तुमचा राजा ओरान्ये घराण्याचा, आणि ते ओरान्ये हे फ्रान्समधलं एक गाव आहे, रोमन काळातलं त्याचं नाव अराउसिओ. त्याचा फळाशी काडीचाही संबंध नाही, नुसता उच्चार जुळला. आणि तुमच्या भाषेत ऑरेंज फळाला काय म्हणतात? तो म्हणाला, ‘‘सिनासाप्पेल.’’ मी विचारलं, म्हणजे काय? त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं. चीनचं सफरचंद. तो इतका हसला की त्याच्या हातातलं दूध सांडलं. म्हणजे केशरी रंगाला फ्रान्सच्या गावाची सावली, फळाला चीनचं नाव, आणि आपल्या मंत्र्याचं नाव लहान फळाला. कोणीच आपापल्या घरी राहत नाही.

त्याच महिन्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी एवढंच, की त्या दोन आठवड्यांत आम्ही शहरात राहत नाही, शहरातून वाट काढतो. सिव्हिल लाइन्समधले भाग एरवी ओस असतात, ते उजळतात. मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रवी भवनाच्या भिंतींना रंग लागतो. रस्त्यांचे खड्डे एका रात्रीत बुजतात आणि फेब्रुवारीत परत उमलतात. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडवर अडवले जातात. हे सगळं आलं 1953 च्या नागपूर करारातून, वर्षातलं एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचं त्यात ठरलं होतं. लहानपणी मला वाटायचं, संत्रे पिकतात म्हणून मंत्री येतात. आबाजी म्हणायचे, ‘‘खायलेच तं येते.’’

मी कॉटन मार्केटमधून संत्रे घेऊन ऑटोनं परत निघाले होते. पोरांची परतीची तारीख जवळ आली होती, म्हणून घेतले ते निवडून, देठाला एखादं हिरवं पान असलेले. सीताबर्डीच्या अलीकडे सगळं थांबलं. शिट्ट्या, दोर, बॅरिकेड्स. ऑटोवाला मागे वळून म्हणाला, ‘‘मंत्री जाऊन राह्यले काकू. आता अर्धा घंटा इथंच.’’ मांडीवर पाच किलोची पिशवी. ऊन ऑटोच्या पडद्याच्या फटीतून थेट पिशवीवर पडत होतं आणि आतून वास वर येत होता, सालीचा, थोडा धुरकट, थोडा तणसाचा. दोराजवळ एक पोलीस उभा होता, अगदी कोवळा, बहुतेक बाहेरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला. ओठ फुटलेले, कानाला मफलर. आणि मला तो जोडशब्द आठवला, जो आपण रोज येता-जाता वापरतो, मंत्री-संत्री. त्यातला संत्री म्हणजे पहारेकरी, इंग्रजी सेंट्रीचा. समोर तो संत्री, थोड्या वेळात सायरन वाजवत जाणारे मंत्री, मांडीवर संत्रे, जे इंग्रजीत मंत्री. मला हसू फुटलं. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. त्याला वाटलं असेल, म्हातारी गेली कामातून.

गाड्या गेल्या. किती होत्या मोजायचा प्रयत्न केला, अकरानंतर सोडून दिलं. आमच्या संत्र्याच्या फाका साधारण तेवढ्याच असतात. मी ऑटोतून वाकून त्या पोलिसाला दोन संत्रे दिले. तो आधी नको म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून खिशात टाकले. पँटचा खिसा टम्म फुगला आणि त्याला ते लपवता येईना.

घरी आल्यावर न राहवून मामेभावाला फोन केला. आबाजींचा बगीचा आता त्याच्याकडे आहे. पूर्ण गोष्ट सांगितली, मलय देशासकट. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘‘हे बरं सांगतलं ताई तू. पण मंत्री अस्ता तं त्याच्यामागं पोलीस राह्यले अस्ते नं. मागच्या हप्त्यात रातच्याला सात झाडं झोडपून नेले चोट्यांनी. ढोले पण तोडून टाकले.’’ ढोले म्हणजे फांद्या. मी विचारलं, तक्रार केलीस का? ‘‘कोणाले करू? सारे अधिवेशनाले गेले.’’ मग तो बाजारभावावर आला. बांगलादेशानं आयातीवर कर वाढवल्यापासून व्यापारी लहान फळाला हातच लावत नाहीत, यंदा पावसानं फळगळ किती झाली, खालच्या वावरातली झाडं डिंक्या रोगानं गेली. ‘‘तिथं मोसंबी लावली,’’ तो म्हणाला. विहिरीजवळची का, मी विचारलं. हो म्हणाला. आजी ज्याला तांब्याभर पाणी घालायची तेही? ते तर कधीच गेलं, म्हणाला, तुला सांगितलं नव्हतं का.

मोसंबीचं नाव मोझांबिकवरून पडलं म्हणतात. हे मी त्याला सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. त्या शब्दकोशाच्या रात्रीपासून जी एक खुशी होती, शब्द आपला निघाल्याची, ती जरा फिकी पडली. शब्द आपला म्हणजे कोणाचा? त्या पोरीच्या तमिळ-मल्याळी पूर्वजांचा, मलाक्काच्या कारकुनांचा, त्या पोर्तुगीज खलाशांचा, ज्यांना धड उच्चारही येत नव्हता. आणि झाड ज्याचं आहे, तो त्यातलं एकही नाव घेत नाही. तो ‘माल’ म्हणतो. ‘‘यंदा माल कमी हाय.’’ आबाजीही माल म्हणायचे. संत्रा म्हणायची आजी आणि आम्ही पोरं. खरं तर संत्रा हा शब्दही कुठला, यावर भांडणं आहेत. लिस्बनजवळच्या सिंत्रा गावावरून आला असं काही म्हणतात, पण बाबर आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या संतऱ्याचं वर्णन करून जातो, साल गुळगुळीत म्हणून. वास्को द गामा कालिकतला येऊन तेव्हा जेमतेम तीन दशकं झाली होती. एवढ्यात एका पोर्तुगीज गावाचं नाव दिल्ली-आग्र्यापर्यंत पोचलं असेल? मला तरी पटत नाही. पण त्या संध्याकाळी ते पटवून घ्यायची ताकदही नव्हती.

पोरगा आत आला. खिडकीच्या कठड्यावर त्यानं तीन आठवड्यांच्या सगळ्या बिया ओळीनं वाळत घातल्या होत्या. पोटात झाड उगवतं, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानं ते अर्धं खरं धरलं होतं. एकही बी गिळली नाही, एकही फेकली नाही. ‘‘या घेऊन जाऊ?’’ मी म्हटलं, तिकडे थंडीत नाही येणार. आणि बियांपासून नुसतं झाड येतं, संत्रा चांगला येत नाही. त्यासाठी जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, ते कलम. म्हणजे खालचं झाड एकाचं आणि वरचं दुसऱ्याचं? हो. मग त्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, जे वर आहे ते. तो म्हणाला, ‘‘खालच्याला राग नाही येत?’’

विमानतळावर सामानात बिया सापडल्या तर, म्हणून त्याच्या आईनं त्या शेवटच्या रात्री काढून ठेवल्या. अजून माझ्याकडेच आहेत, पितळी वाटीत.

जानेवारीच्या शेवटी व्हिडिओ कॉल आला. तिकडे खिडकीबाहेर अंधार, सकाळचे आठ वाजले तरी. टेबलावर जाळीच्या पिशवीत लहान, चकचकीत, सारख्या मापाचे संत्रे. स्पेनचे आहेत, भाचा म्हणाला. पोरानं एक उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि अंगठ्याचं नख देठाशी रुतवलं, मी शिकवलं होतं तसं. साल जरा घट्टच होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली. त्यानं एक फाक खाल्ली, तोंड वाकडं केलं.

‘‘मावशीआजी, हा मंत्री आंबट आहे.’’

आत कोणीतरी हसलं. मी म्हटलं, खा, दुसरा गोड निघेल. बिया तेवढ्या नीट काढून ठेव.

‘‘यात बियाच नाहीत,’’ तो म्हणाला, आणि फाक मधून फाडून मला दाखवली.